गच्चीपर्यंतच्या बावीस पायऱ्या

लखनऊच्या आलमबाग भागातील एका दुमजली घरात दर वर्षी एप्रिलमध्ये कुरडया घातल्या जातात. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्याने गच्चीवरच्या कापडावर पाडायचा. या घरातील आजी 1974 साली वाई तालुक्यातून लग्न होऊन या शहरात आल्या. यजमान मानकनगरच्या रेल्वे संशोधन संस्थेत नोकरीस होते. मोहल्ल्यात कुणालाही ठाऊक नसलेला हा पदार्थ आजींनी जवळजवळ पन्नास उन्हाळे एकटीच्या बळावर जिवंत ठेवला. नंतर मात्र एका उन्हाळ्यात गच्चीकडे जाणाऱ्या बावीस पायऱ्यांपैकी सातव्या पायरीवर त्या थांबल्या. कठडा धरून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि खाली उतरल्या.

त्यानंतर मुलाने जिन्याच्या पायथ्याशी एक वेताची खुर्ची आणून ठेवली. परात वर नेण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले, सोऱ्या सूनबाईंनी हाती धरला. ‘‘आई, तुम्ही बसा. आम्ही आहोत ना,’’ हे वाक्य त्या घरात दिवसातून अनेकदा उच्चारले जाऊ लागले. आधी गच्ची सुटली, मग भाजी मंडई, मग समोरच्या देवळाची फेरी. अखेरीस अंघोळीचे पाणी काढण्यापर्यंतची सारी कामे एकेक करून इतरांच्या हाती गेली. यात कुणाचाही दुष्ट हेतू नव्हता. उलट, प्रत्येक काम प्रेमानेच काढून घेतले गेले होते. पण दोन वर्षांत आजींची धाप कमी होण्याऐवजी वाढली. पूर्वी जिना चढताना लागणारा दम आता खुर्चीतून उठून न्हाणीघरापर्यंत जाताना लागू लागला.

आजींनी आयुष्यात विडी किंवा सिगारेट कधी हातात धरली नव्हती. त्यामुळे हा त्रास वयाचा असावा, हृदयाचा असावा, निदान दम्याचा तरी असावा, असे घरच्यांना वाटत राहिले. स्पायरोमेट्रीच्या यंत्रात जोराने फुंकल्यावर निदान स्पष्ट झाले. पूर्ण भरून घेतलेल्या श्वासापैकी पहिल्या सेकंदात बाहेर पडणारा वाटा, श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही, सत्तर टक्क्यांच्या खाली होता. म्हणजेच सीओपीडी, श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार.

धूर कोठून आला, हे त्यांच्या बालपणाकडे पाहिले की उमगते. चुलीपुढे बसून, ओल्या लाकडांवर फुंकणीने फुंकर घालण्याचे काम त्यांच्याकडे सातव्या-आठव्या वर्षीच आले होते. लखनऊला आल्यावर चूल गेली आणि दगडी कोळशाची अंगीठी आली. गॅसची शेगडी मिळाली तेव्हा पदरात दोन मुले होती. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीवर एक महत्त्वाचा लेख लिहिला. लाकूड, शेण आणि काडीकचरा जाळून होणारा धूर हे जगातील या रोगाचे किती मोठे कारण आहे, याकडे त्यांनी वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. भारतातील सीओपीडीच्या रुग्णांची संख्या 1990 साली सुमारे 2 कोटी 81 लाख होती, ती 2016 साली सुमारे 5 कोटी 53 लाख झाली, असा अंदाज ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या अभ्यासातून 2018 साली प्रसिद्ध झाला. या संख्येत फुंकणी हाती घेऊन वाढलेल्या अनेक पिढ्या सामावलेल्या आहेत.

‘छातीचा आजार आहे, आराम करा’ या सल्ल्यालाही एक इतिहास आहे. क्षयरोगावर प्रभावी औषधे नव्हती, त्या काळात विश्रांती हाच उपचार समजला जाई. स्वच्छ हवा, सकस आहार आणि महिनोन्‌महिने अंथरूण, यांवर सॅनेटोरियमची सारी व्यवस्था उभी होती. महाराष्ट्राला मिरजेचे सॅनेटोरियम माहीत आहे. उत्तर प्रदेशातील जुन्या पिढीला नैनितालजवळचे भवाली आठवते, जेथे कमला नेहरूंवरही उपचार झाले होते. या श्रद्धेला पहिला मोठा धक्का बसला तो भारतातच. मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राने सॅनेटोरियममध्ये ठेवलेले रुग्ण आणि घरीच औषधे घेणारे रुग्ण यांची तुलना केली, आणि तिचे निष्कर्ष 1959 साली प्रसिद्ध झाले. घरी राहिलेल्यांची वस्ती दाटीची होती, आहार निकृष्ट होता आणि विश्रांतीही कमी होती. तरीही औषधांचा गुण दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच आला. सॅनेटोरियमचे युग तेथून ओसरू लागले. ‘छाती म्हणजे अंथरूण’ हे समीकरण मात्र घराघरांत टिकून राहिले, आणि क्षयाशी संबंध नसलेल्या रोगांनाही ते लावले गेले.

सीओपीडीच्या बाबतीत या समीकरणाला छेद देणारे निरीक्षण अमेरिकेत अल्व्हन बराक या वैद्यांनी 1950 च्या दशकाच्या आरंभी नोंदविले होते. फुप्फुसांचे रुग्ण हळूहळू चालण्याचा सराव करू लागले की त्यांची धाप कमी होते, असे त्यांना दिसले. पुढे 1960 च्या दशकात डेन्व्हर येथे थॉमस पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांसाठी व्यायामासह शिस्तबद्ध कार्यक्रम उभा केला. आज त्याला ‘पल्मनरी रिहॅबिलिटेशन’, म्हणजेच फुप्फुस-पुनर्वसन, असे म्हटले जाते. फेब्रुवारीत आजींच्या हाती डॉक्टरांनी जी चिठ्ठी दिली, तीत नव्या इन्हेलरबरोबर हेच दोन शब्द होते.

पुनर्वसनाच्या पहिल्या दिवशी त्यांना एका लांब व्हरांड्यात उभे करण्यात आले. तीस मीटरवर एक खूण होती. सहा मिनिटांत, धावपळ न करता, जमेल तेवढे अंतर चालायचे. दम लागला तर थांबायचे, पण घड्याळ थांबणार नाही. या साध्या चाचणीची वंशावळ रंजक आहे. अमेरिकेच्या हवाई दलातील जवानांचा दमसास मोजण्यासाठी केनेथ कूपर यांनी 1968 साली बारा मिनिटांची धावण्याची चाचणी प्रसिद्ध केली. ब्रिटनमधील डॉक्टरांनी 1976 साली जुनाट ब्राँकायटिसच्या रुग्णांसाठी तिची चालण्याची आवृत्ती केली. बारा मिनिटे रुग्णांना फार होतात असे ध्यानात आल्यावर 1982 साली ती सहांवर आणली गेली. बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावून आजी निघाल्या. दोनदा भिंतीला टेकल्या. सहा मिनिटांत सात फेऱ्या झाल्या, म्हणजे 210 मीटर.

‘‘अम्माजी, किसने रोका आपको?’’ तरुण फिजिओथेरपिस्टने विचारले. ‘‘साँस ने या टाँगों ने?’’

आजी उत्तर देण्यासाठी थोडा वेळ थांबल्या. मग काहीशा नवलाने म्हणाल्या, ‘‘टाँगों ने.’’

या उत्तरात त्या रोगाचे निम्मे शरीरशास्त्र दडलेले आहे. सीओपीडीत फुप्फुसांतील नाजूक वायुकोशांच्या भिंती नष्ट होतात आणि श्वासनलिका सैल व अरुंद होतात. हवा आत जाते, पण बाहेर पडण्यास वेळ लागतो. चालताना श्वासाची गती वाढली की आधीची हवा पूर्ण बाहेर पडण्यापूर्वीच पुढचा श्वास सुरू होतो. अर्ध्या भरलेल्या घागरीत पुन्हा पाणी ओतावे तशी स्थिती होते. छाती फुगलेलीच राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. या भीतीने माणूस चालणे टाळतो, आणि येथून दुसरा आजार सुरू होतो. वापर नसलेले पायांचे स्नायू, विशेषतः मांडीच्या पुढील बाजूचा मोठा स्नायू, रोडावतात. ऑक्सिजनच्या साहाय्याने दीर्घकाळ काम करणारे तंतू त्यांत कमी होतात आणि लवकर थकणाऱ्या तंतूंचे प्रमाण वाढते. असा स्नायू थोड्याशा श्रमातही लॅक्टिक आम्ल तयार करतो. ते निष्प्रभ करताना शरीरात जादा कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, आणि तो बाहेर टाकण्याचे काम पुन्हा त्याच दुबळ्या फुप्फुसांवर येऊन पडते. म्हणजे पाय जितके अशक्त, तितकी धाप अधिक. आणि धाप जितकी अधिक, तितकी खुर्ची जवळची.

फुप्फुसांच्या नष्ट झालेल्या भिंती व्यायामाने पुन्हा उभ्या राहत नाहीत. हे रुग्णाला प्रारंभीच सांगणे प्रामाणिकपणाचे असते, आणि आजींनाही ते सांगण्यात आले. व्यायामाने सुधारतात ते पाय. कसलेला स्नायू त्याच कामासाठी कमी लॅक्टिक आम्ल निर्माण करतो, त्यामुळे फुप्फुसांकडील मागणीच घटते. रिचर्ड कॅसाबुरी आणि सहकाऱ्यांनी 1991 साली सीओपीडीच्या रुग्णांत हे प्रत्यक्ष मोजून दाखविले. श्वासाची क्षमता जागच्या जागी राहिली, परंतु त्याच श्रमाला लागणारा श्वास कमी झाला.

त्यानंतरचे आठ आठवडे आजी आठवड्यातून तीनदा मुलाबरोबर रुग्णालयात गेल्या. दर वेळी आधी इन्हेलर, मग थोडे अंग मोकळे करणे, मग व्हरांड्यातील चालणे. सुरुवातीला दोन मिनिटे चालून एक मिनिट उभे राहायचे, पुढे चालण्याची मिनिटे वाढवीत न्यायची. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचे आणि बसायचे, असे आधी पाच वेळा, मग दहा वेळा. पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या खांद्यापर्यंत उचलायच्या, कारण केस विंचरताना आणि दोरीवर कपडे घालताना लागणारी धाप हातांच्या दुबळेपणातून येते. थोडी धाप लागली पाहिजे, वाक्य तुकड्यांत बोलता आले पाहिजे, एकही शब्द फुटेनासा झाला तर वेग कमी करायचा, ही मोजपट्टी त्यांना शिकविण्यात आली. छातीत दुखले, भोवळ आली किंवा बोटावरील यंत्राचा आकडा 88 च्या खाली जाऊ लागला, तर थांबायचे. अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि अस्थिर हृदयरोग असलेल्यांनी डॉक्टरांच्या परवानगीवाचून यातील काहीही करायचे नसते, हेही त्या वर्गात वारंवार सांगितले जाई.

दुसऱ्या आठवड्यात श्वास सोडण्याची एक युक्ती शिकविण्यात आली. नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडायचा, घेण्याच्या दुप्पट वेळ. ओठांशी निर्माण झालेल्या हलक्या दाबाने सैल श्वासनलिका मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. चालताना दोन पावलांत घ्यायचा, चार पावलांत सोडायचा. फिजिओथेरपिस्टने मेणबत्तीची उपमा दिली. ज्योत विझू नये, केवळ हलावी, असे फुंकायचे. इतर रुग्णांना ते जमायला वेळ लागला. आजींना पहिल्याच प्रयत्नात जमले. निखारा फुलेल पण राख उडणार नाही, अशा बेताने फुंकणीत फुंकर घालण्याचा सराव त्या ओठांना साठ वर्षांपूर्वीच झालेला होता. ज्या कामाने फुप्फुसे झिजली, त्याच कामातले हे कसब आता जिना चढण्याच्या उपयोगी पडणार होते. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी सूनबाईंना ही गोष्ट हसत सांगितली आणि मग काही वेळ गप्प बसून राहिल्या.

पुनर्वसनाचा पुरावा आज वैद्यकशास्त्रातील अत्यंत भक्कम पुराव्यांपैकी एक मानला जातो. कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात 65 चाचण्या आणि 3,822 रुग्ण होते. धाप, थकवा, चालण्याची क्षमता आणि रोजचे जगणे या सर्व बाबतींत सुधारणा इतकी स्पष्ट दिसली की, नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची गरज उरलेली नाही, असे म्हणून तो आढावा बंद करण्यात आला. तरीही हा उपचार रुग्णांपर्यंत पोहोचत नाही. रुग्णालयातून घरी गेलेल्या जवळजवळ दोन लाख सीओपीडी रुग्णांच्या नोंदी तपासणारा अमेरिकी अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन महिन्यांच्या आत पुनर्वसन सुरू करणारे दोन टक्क्यांहूनही कमी निघाले. जे गेले, त्यांच्यात वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण बरेच कमी होते. अर्थात, ज्यांच्या अंगात जाण्याइतपत बळ होते तेच गेले असणार, हा भेद अशा अभ्यासात पूर्णपणे पुसता येत नाही.

श्रीमंत देशाची ही कथा, तर भारताची वेगळी काय असणार? लखनऊ या बाबतीत काहीसे भाग्यवान आहे. 1911 पासून वैद्यकशिक्षण देणाऱ्या तेथील किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या श्वसनरोग विभागात पुनर्वसन केंद्र आहे. पण जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या रुग्णाने आठवड्यातून तीनदा लखनऊ गाठावे, ही अपेक्षा फोल आहे. या उपचाराला महागडी यंत्रे लागत नाहीत. तीस मीटरचा व्हरांडा, एक घड्याळ, एक खुर्ची, पाण्याच्या बाटल्या आणि प्रशिक्षित माणूस एवढे पुरते. त्यांपैकी दुर्मीळ आहे तो प्रशिक्षित माणूस.

व्यायाम करायचा तो कोणत्या हवेत, हा आणखी एक प्रश्न या शहरात टाळता येत नाही. लखनऊची भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्था पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर शहरातील हवेची पाहणी करते. लालबाग आणि तालकटोरा येथील मापनकेंद्रांचे आकडे हिवाळ्यात वृत्तपत्रांत झळकतात. थंडीत रात्रीच्या गार जमिनीलगत हवेचा थर अडकून पडतो आणि धूर त्यातच कोंडला जातो. सूर्य वर आल्यावर हवा ढवळली जाते आणि दुपारी प्रदूषण बहुधा उतरते. म्हणून पहाटेचा फेरफटका आरोग्यदायी, ही आपली पारंपरिक समजूत डिसेंबर-जानेवारीच्या लखनऊत फुप्फुसांच्या रुग्णाला अपायकारक ठरू शकते. आजींना सांगण्यात आले की, धुक्याच्या दिवसांत बाहेर पडायचे नाही, पण व्यायामही सोडायचा नाही. घराच्या पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत बारा पावले होतात. नातवाने जमिनीवर खडूने दोन रेघा ओढल्या आणि तो येरझाऱ्या मोजू लागला.

कार्यक्रमाच्या अखेरीस एप्रिलमध्ये तीच सहा मिनिटांची चाचणी पुन्हा झाली. साडेआठ फेऱ्या, म्हणजे 255 मीटर. 45 मीटरची ही वाढ ऐकायला किरकोळ वाटते. परंतु सुमारे तीस मीटरचा फरकही अशा रुग्णाला रोजच्या जगण्यात जाणवतो, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याच दिवशी स्पायरोमेट्रीही करण्यात आली. तिचा आकडा फेब्रुवारीत होता तेवढाच आला. मुलाचा चेहरा उतरला. आजी मात्र कागदाकडे न पाहता व्हरांड्याच्या टोकाच्या खुणेकडे पाहत होत्या.

चार दिवसांनी चीक शिजला. परात घेऊन मुलगा वर गेला, आणि त्याच्या मागून आजी निघाल्या. सूनबाई खालून म्हणाल्या, ‘‘आई, तुम्ही ब...’’ आणि वाक्य तेथेच थांबले. सहाव्या पायरीवर आजी थांबल्या, ओठांचा चंबू करून श्वास सोडला. तेराव्या पायरीवर पुन्हा थांबल्या. अठराव्या पायरीवर तिसऱ्यांदा थांबल्या, तेव्हा थांबण्याला त्या घाबरत नव्हत्या. बाविसावी पायरी ओलांडून त्या गच्चीवर आल्या आणि कठड्याला टेकून दोन मिनिटे उभ्या राहिल्या. मग त्यांनी सोऱ्या हाती घेतला. पहिल्या चार कुरडया त्यांनी पाडल्या, उरलेल्या सूनबाईंनी.

पुनर्वसनाचा लाभ सराव सुटला की वर्षभरात ओसरत जातो, आणि सीओपीडीत आजार मध्येच उसळणे हेही नेहमीचे आहे. डिसेंबरच्या धुक्यात आजींना संसर्ग झाला आणि आठवडाभर रुग्णालयात राहावे लागले. घरी आल्या तेव्हा बारा पावलेही जड जात होती. खडूच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या. मुलाने जिन्याच्या पायथ्याची वेताची खुर्ची उचलली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, येरझारीच्या मध्यावर विसावा म्हणून ठेवली. नातवाने नव्या रेघा ओढल्या. पहिल्या दिवशी दोन येरझाऱ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी तीन. एप्रिलला अजून तीन महिने होते.